टर्कीच्या शिकारीला जाताय? अंग तयार करताना या चुका टाळा

मार्च लागला की मला फोन यायला लागतात. "यंदा मीही येतो. परवाना काढलाय, बंदूक घेतलीय, झाडोऱ्यात मिसळणारे कपडेही आलेत." टर्की हा रानात राहणारा, कोंबडीच्या जातीचा मोठा पक्षी. त्याच्यासाठी अंगाच्या तयारीचं काय, असं विचारलं की समोरचा हसतो. "अरे, टर्कीच तर आहे, वाघ थोडाच मारायचाय!"

हे बोलणारे बहुतेक आपलेच, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरीनिमित्त आलेले आणि दिवसभर खुर्चीत बसणारे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला, त्यामुळे घरातून कोणी चार गोष्टी सांगितलेल्या नसतात. मग व्हिडिओ बघून तयारी होते. व्हिडिओत गॉबलर, म्हणजे नर टर्की, पाचव्या मिनिटाला समोर येतो. आधीची अंधारातली चढण आणि नंतरची उतरण कापून टाकलेली असते.

इथला वसंतातला सीझन एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला उघडतो. पहिले काही दिवस सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी १२ पर्यंतच शिकार करता येते. म्हणजे उजाडायच्या आत डोंगराच्या सोंडेवर पोचून, घाम पुसून, गप्प बसलेलं असायला हवं. साडेतीनला उठायचं आणि मध्यरात्रीपर्यंत मॅच बघायची, हे दोन्ही जमत नाही.

पळायचा सराव करतात, बसायचा करत नाहीत

सगळ्यात जास्त शिकारी हुकतात त्या इथे. टर्कीला वासाचं फारसं कळत नाही, पण नजर भयंकर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, रंग दिसतात, आणि मान जराशी वळवली की चहूबाजूंचं दिसतं. त्यामुळे हा खेळ निम्म्याहून जास्त बसण्याचा आहे. खांद्यापेक्षा रुंद झाड बघायचं, म्हणजे मागून दुसरा शिकारी आला तरी पाठ झाकलेली राहते. पाठ खोडाला, गुडघे वर, बंदूक डाव्या गुडघ्यावर टेकवलेली, डावा खांदा आवाजाच्या दिशेला. (डावखुऱ्यांनी उलटं.) आणि मग हलायचं नाही. दहा मिनिटं कोणीही बसतो. चाळिसाव्या मिनिटाला कमरेत कळ येते, पायाला मुंग्या येतात, आणि पक्षी नेमका तेव्हाच येतो.

मागे एक मित्र सोबत होता. व्यायामशाळेत नियमित जाणारा, हाफ मॅरेथॉन पळालेला, चढताना माझ्या पुढे. जागेवर पोचल्यावर घाईघाईत एका ओकखाली बसला, बुडाखाली मूळ आहे हेही बघितलं नाही. "बूड नीट टेकव, पाला बाजूला कर," असं मी म्हटलं, तर म्हणाला, "चालतंय रे." गॉबलर झाडावरूनच ओरडत होता. उजाडल्यावर खाली उतरला आणि माद्यांच्या नादात तिथेच घुटमळत राहिला. मी अधूनमधून हलका कॉल, म्हणजे मादीसारखा आवाज, देत होतो. बराच वेळ काहीच नाही. मग सोंडेच्या कडेवर आधी पिसाऱ्याचं टोक दिसलं, मग लाल-निळं-पांढरं डोकं, आणि तो छातीतून येणारा घुमारा, जो ऐकू येण्याआधी जाणवतो. साठेक यार्ड असेल. आणखी वीस पावलं आला असता तर काम झालं असतं. तेवढ्यात याने पाय लांब केला. फार नाही, वीतभर. वाळक्या पाल्याचा आवाज झाला, गॉबलरने मान ताठ केली, 'पुट्' असा एकच आवाज काढला आणि पिसारा मिटून चालता झाला.

इथवर ठीक होतं. पण हा गडी त्याच्यामागे जायला उठला. पाय बधिर झालेला, त्याच्यावर भार टाकला आणि भरलेल्या बंदुकीसकट तोंडावर आपटला. गुडघा दगडावर. बंदुकीची सेफ्टी लावलेली होती म्हणून पुढचं टळलं. मी आधी बंदूक हातातून घेऊन रिकामी केली, मग गुडघा बघितला. तो म्हणतोय, "अरे, पायच नव्हता माझा!" पाय बधिर असेल तर जागेवरच आधी घोटे फिरवा, बंदूक रिकामी करून बाजूला ठेवा, झाडाला धरून उठा. पक्षी गेला तर गेला. टर्की पळायला लागली की माणसाला सापडत नाही.

माझी सवय सांगतो. जानेवारीपासून रोज संध्याकाळी टीव्हीसमोर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसतो, गुडघे वर, डाव्या गुडघ्यावर झाडूचा दांडा. सुरुवातीला दहा मिनिटं, मग वाढवत अर्धा-पाऊण तास. फोन घ्यायचा नाही. घरातले हसतात, हसू देत. त्यातच अधूनमधून दांडा खांद्याला लावून मिनिटभर धरायचा, कारण तीन-साडेतीन किलोची शॉटगन पक्षी झाडाआड असेपर्यंत तशीच धरून ठेवावी लागते. शिवाय जेवायला जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठा. आपल्या आजोबांना हे सत्तरीत जमायचं, आपण पस्तिशीत सोफ्याचा हात शोधतो. बसायला जाड गादी जरूर घ्या, त्यात लाज नाही. पण गादी घेतली म्हणून सराव नको, असं म्हणणाऱ्याला मी सोबत नेत नाही.

चढण्याची तयारी होते, उतरण्याची होत नाही

"मी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय," हे वाक्य मला दर सीझनला कोणीतरी ऐकवतं. कधी केला, असं विचारलं की कळतं, कॉलेजात असताना. ट्रेडमिलवर चढ लावून तासभर चालणारेही असतात. छान आहे, दम वाढतो. पण ट्रेडमिल फक्त चढवते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि ज्याला याची सवय नाही त्याचा स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असा दुखतो की कमोडवर बसतानाही आई आठवते. शनिवारी उतरलात की रविवार-सोमवार गेले.

त्यातून टर्कीचं गणित उलटं. नशिबाने साथ दिली तर जाताना कमी आणि येताना जास्त ओझं. मोठा गॉबलर आठ-नऊ किलो, त्यात बंदूक, डिकॉय (आमिषाला ठेवायचा नकली पक्षी), पाणी, आणि तोवर गरम झालं म्हणून काढलेलं जाकीट. काहीजण सरावाला पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन चढतात आणि वर गेल्यावर गुडघे वाचवायला पाणी ओतून देतात. मी पाणी ओतत नाही. एक गॅलन म्हणजे पावणेचार किलो. आधी रिकामी पाठ, काही आठवड्यांनी एक कॅन, मग दोन. पार्किंगच्या इमारतीचा जिना उत्तम, लिफ्टने वर जायचं आणि जिन्याने खाली यायचं. लोक वेड्यात काढतात. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही. स्नायूला उतरण्याची एकदा ओळख झाली की पुढचे काही आठवडे तेवढं दुखत नाही, पण ती ओळख आधी करून द्यावी लागते. आदल्या आठवड्यात सगळं एकदम उरकू म्हणणारे सीझनच्या पहिल्या दिवशी घरी झोपलेले असतात.

बाकीचं, पटकन

नवे बूट सीझनच्या पहिल्या दिवशी घालू नका. एवढं सांगूनही घालतातच.

अंगावर सगळे कपडे चढवून चढू नका. मेच्या पहाटे चांगलीच थंडी असते, पण चढताना घाम येतो आणि बसल्यावर तोच गोठवतो. जाकीट पाठीवर बांधा, वर पोचल्यावर घाला.

धापा टाकत पोचलात तर तोंडात धरून वाजवायचा कॉल वाजत नाही. शेवटची शंभर पावलं मुद्दाम सावकाश टाका.

रात्रभर लघवीची भीती बाळगून पाणी न पिणारे दहा वाजता डोकं धरून बसतात. कॉफी म्हणजे पाणी नव्हे.

गुडघेदुखीची गोळी आधीच घेऊन चढू नका. दुखणं कळायला हवं.

गोचिडीकडे दुर्लक्ष करू नका. पेनसिल्व्हेनियात लाइम आजाराचे रुग्ण देशात सर्वांत जास्त असलेल्या राज्यांइतके निघतात, आणि मे-जूनमध्ये फिरणारी तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारून पूर्ण वाळवा, अंगावर लावू नका. घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांपासून लांब ठेवा. परत आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागे नीट बघा. तीन महिने घाम गाळून कमावलेलं अंग त्या दाण्याएवढ्या किड्यामुळे अख्खा उन्हाळा सांध्यांत दुखू शकतं.

पक्षी मिळाला तर तो उघडा खांद्यावर टाकून जंगलातून चालू नका. भगव्या रंगाच्या पिशवीत घाला, नाहीतर दुसऱ्या कोणाला हलणारा पिसारा दिसेल.

आणि चाळिशी ओलांडली असेल तर चढायला सुरुवात करण्याआधी डॉक्टरकडे जा. इथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या बाबींत स्पष्ट लिहिलाय. "मला काही होत नाही" म्हणणाऱ्यांना मी रक्ताचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय गाडीत घेत नाही. सीझन उघडायच्या आधीच्या आठवड्यात जिना, कॅन सगळं बंद. फक्त सपाटीवर फिरणं, नऊला झोपणं आणि टीव्हीसमोर झाडूचा दांडा.