रंगमंचाचे फोटो काढताय? या चुका टाळा

मुंबईत नाटकाचे आणि नृत्याचे फोटो काढायला सुरुवात करणारी मुलं आधी लेन्सबद्दल विचारतात. प्रश्न रास्त आहे. नाट्यगृहाच्या अंधारात जास्त प्रकाश आत घेणारी, एफ/२.८ची लेन्स उपयोगी पडतेच. पण बहुतेक फोटो फसतात ते पुढच्या क्षणी रंगमंचावर काय होणार आहे, हे काढणाऱ्याला माहीत नसल्यामुळे.

प्रयोग न बघता कॅमेरा उचलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कथकमध्ये तिहाई सुरू झाली की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार हे कानाला कळतं. तोच तुकडा तीनदा, आणि शेवटचा 'धा' समेवर. डोळ्यांना दिसल्यावर बटण दाबलंत तर नर्तकी त्या स्थितीतून बाहेर पडलेली असते, म्हणून बोट समेच्या किंचित आधी हलायला हवं. सेकंदाला वीस फ्रेम काढल्या की काम होतं, असं वाटत असेल तर एकदा त्या सगळ्या फ्रेम एखाद्या नृत्यगुरूंना दाखवा. भरतनाट्यममध्ये अरैमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) पूर्ण बसलेली नाही, कोपर खाली पडलंय, मुद्रा अजून बनतेय, अशी कारणं देत त्या बहुतेक फ्रेम बाजूला काढतील, आणि त्यांचं बरोबर असेल. फोटो प्रसिद्ध करण्याआधी निवड कलाकाराला दाखवायची सवय त्यासाठीच लावा.

नाटकात ताल वेगळा, पण नियम तोच. बोलणाऱ्याचं तोंड अर्धवट उघडं असतं. वाक्य संपल्यानंतरच्या विरामात, किंवा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर, चित्र सापडतं. ते टिपायला संहिता ठाऊक हवी. मोहन वाघ छायाचित्रकार होते आणि 'चंद्रलेखा'चे निर्मातेही. नाटक आतून माहीत असण्याचं मोल मराठी रंगभूमीने त्यांच्या रूपात पाहिलं आहे. तुम्हाला निर्माता व्हायची गरज नाही, पण निदान एक प्रयोग कॅमेऱ्याशिवाय बघा आणि रंगीत तालमीला हजर राहा. तालमीत प्रकाश, वेशभूषा, नेपथ्य सगळं असतं आणि तुम्हाला मोकळेपणी फिरता येतं. हात बसवायचा असेल तर आयएनटी, सवाईसारख्या एकांकिका स्पर्धांना जा. एका दिवसात अनेक प्रकाशयोजना अनुभवायला मिळतात.

काळ्या पडद्याने फसणं

मागे काळा पडदा, मध्ये स्पॉटमध्ये एक चेहरा. कॅमेरा पूर्ण चौकट मोजतो, अंधार उजळवायला जातो आणि चेहरा पांढराफटक करून ठेवतो. स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतल्या छोट्या भागाचाच उजेड मोजून, चेहरा मोजा किंवा मॅन्युअलवर या. काळोख काळाच राहू द्या, प्रकाशयोजनाकाराने तो तसाच ठेवलेला आहे. निळ्या आणि जांभळ्या एलईडीत आणखी एक फसगत होते: साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण एकच रंग पार जळून गेलेला असतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघा, आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइलच काढा.

फोटोत पट्टे येणं

मिररलेस कॅमेरे आल्यापासूनची ही तक्रार. सायलेंट शटर लावलं की एलईडीखाली आडवे पट्टे उमटतात, कारण बरेचसे दिवे अतिवेगाने चालू-बंद होत असतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं. तालमीतच चार वेगवेगळ्या शटर स्पीडला एकेक फ्रेम काढून मोठी करून बघा. पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटरवर जा, किंवा स्पीड कमी करा. शांत प्रसंगासाठी १/१०० सेकंद पुरतो; नृत्यातली चक्कर गोठवायची असेल तर १/५०० लागतो आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावा लागतो. दाणे दिसले तरी चालतील, हललेलं पाऊल चालत नाही. मेकॅनिकल शटरचा आवाज मात्र होतो, तेव्हा हशा, टाळ्या, संगीत यांच्या आडोशाने काढा. फ्लॅश तर नकोच, पण फोकससाठी लागणारा तांबडा दिवा आणि मागचा स्क्रीनही बंद करा. शेजारच्या प्रेक्षकाने तिकीट काढलेलं असतं.

जागा चुकणं

पहिल्या रांगेतून कलाकाराच्या नाकपुड्या दिसतात आणि पाय रंगमंचाच्या कडेमागे जातात. नृत्यात पाय कापला म्हणजे घुंगरू गेले. मधली रांग, मधली खुर्ची आणि ७०-२०० मिमीची झूम लेन्स हे दीनानाथ किंवा यशवंत नाट्यगृहात चांगलं जमतं. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये प्रेक्षक तीन बाजूंना असतात, त्यामुळे बाजूने रुंद चौकट घेतली की समोरचे प्रेक्षक आलेच. तिथे चौकट आवळा.

कागद न करता काम घेणं

'पास देतो, नाव टाकतो' यावर वर्षं निघून जातात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो काम देणारा ठरतो. म्हणून पैसे किती, फोटो कुठे वापरणार, तुमच्याकडे कोणते हक्क राहणार, हे आधी लिहून घ्या. छायाचित्रकार म्हणून नाव मागण्याचा हक्क कलम ५७ देतं. जाहिरातीत नाव नसेल तर नम्रपणे, पण जरूर मागा.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, ड्राय कॅबिनेट किंवा हवाबंद डबा आणि सिलिका जेल वापरा. आणि फाइलींना नाव द्यायचा कंटाळा करू नका: तारीख, नाट्यगृह, नाटक, कलाकार, प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा. संच बदलतात, नाटकं बंद होतात. दहा वर्षांनी कुणी विचारायला आलं, तर 'आयएमजी' आणि पुढे चार आकडे यावरून त्या रात्री विंगेत कोण उभं होतं ते सांगता येत नाही.