शेंगदाण्याचे गोब्लिन आणि गुरुवारची सामसूम

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढलं की आत डन्जन्स अँड ड्रॅगन्स चालू, म्हणजे पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ. गुरुवारी रात्री साडेनऊला तोच खेळ दुसऱ्या मंडळींसोबत डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर: एक पुण्यात, एक हैदराबादला, एक इथल्याच पूर्व भागातला, आणि मी. दोन्हीकडे डीएम मीच, म्हणजे गोष्ट चालवणारा. बाकीच्यांनी आपापलं पात्र सांभाळायचं, आणि डाव साधला की फसला ते फासा सांगणार.

गिऱ्हाईकं विचारतात, "समोरासमोर खेळू का ऑनलाइन?" पहिल्यांदाच खेळणार असाल तर एकदा तरी एका टेबलाशी बसा. कारण सांगतो. टेबलावर कोणी गप्प बसलं तर त्याचं तोंड दिसतं. विचार करतोय, कंटाळलाय की मोबाइल बघतोय, लगेच कळतं. ऑनलाइन गप्प म्हणजे नुसतं गप्प. नेट गेलं का माणूस गेला, पत्ता लागत नाही. समोरासमोर खेळलेल्या माणसाची गप्प बसायची तऱ्हा ठाऊक असते, मग ती हेडफोनमधूनही ओळखता येते.

आधी टेबलाचं. नियमांची महागडी पुस्तकं घेऊ नका. २०२३ च्या जानेवारीत मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे कोणीही वापरावा अशा परवान्याखाली, खुला झाला, त्याची पीडीएफ फुकट उतरवता येते. सगळी छापायलाही सांगू नका (हे झेरॉक्सवाला सांगतोय, म्हणजे बघा). कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, तेवढी प्रत्येकी दोन काढा, एक चहा सांडायला. फाशांचा सात नगांचा सेट ऑनलाइन मिळतो. त्यातला वीस बाजूंचा फासा सगळ्यात जास्त लागतो, तो येईपर्यंत १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून हलवा. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची, नाहीतर २० एकदाच निघेल आणि भांडणं लागतील.

नकाशा मात्र नीट करा. १ इंचाचा चौकोन म्हणजे खेळातले ५ फूट. ए-४ कागदावर असे आडवे ८ आणि उभे ११ बसतात. छापताना प्रिंटरला 'अॅक्च्युअल साइज' सांगा. मी पहिल्या वेळी 'फिट टू पेज' ठेवलं आणि चौकोन आक्रसले. तशीच चार पानं लॅमिनेट करून बसलो, पैसे माझेच. चौकोन बरोबर आले की कागद लॅमिनेट करा, व्हाइटबोर्ड मार्करनं भिंती-दारं काढा, फडक्यानं पुसा, पुढच्या रविवारी तोच कागद.

सोंगट्या? बुद्धिबळातली प्यादी घ्या, पेनाची टोपणं घ्या. आमच्याकडे गोब्लिन, म्हणजे खेळातले बुटके राक्षस, हे भाजलेले शेंगदाणे. गोब्लिनचे ७ हिट पॉइंट, म्हणजे जीव तेवढा, अंगावरचं चिलखत १५, म्हणजे हल्ल्याची बेरीज (फाशाचा आकडा अधिक पात्राची भर) १५ किंवा वर गेली तरच वार लागणार. सात पॉइंट संपले की मारणाऱ्यानं तो शेंगदाणा खायचा. एकदा रेडका नावाचं अर्ध-ऑर्क पात्र (अर्धा माणूस, अर्धा राक्षस) चालवणाऱ्यानं मेलेला सोडून जिवंतच गोब्लिन तोंडात टाकला. वर म्हणतो, "भूक लागली की बे!" मी तो गोब्लिन पळून गेला असं धरलं. पुढच्या रविवारी तोच गोब्लिन पंधरा दाणे घेऊन परत आला.

टेबलावर अडचण गप्प बसण्याची नसतेच, सगळे एकदम बोलतात. मी आवाज चढवत नाही, उलट उतरवतो. ऐकायचं असेल तर गप्प व्हावंच लागतं. चार तास सहज जातात.

ऑनलाइनला मी अडीच तासांवर जात नाही. कान थकतात. व्हिडिओ बंद असला तरी चालतं, आवाज स्वच्छ हवा. वायरचे साधे इअरफोन लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरे. नकाशाला आऊलबेअर रोडिओ ही वेबसाइट घ्या, खेळणाऱ्यांना खातं उघडावं लागत नाही. रोल२० ही वेबसाइट वापरत असाल तर चॅटमध्ये स्लॅश आर, मग 1d20+5 (वीस बाजूंचा एक फासा अधिक पाच) असं लिहिलं की फासा सगळ्यांसमोर पडतो. राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. उन्हाळ्यात लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही.

आमच्या पूर्व भागातल्या गड्याच्या शेजारी पॉवरलूम आहे. त्यानं माइक उघडला की खट्टाखट्टाखट्टा. आवाज गाळायची डिस्कॉर्डची सोय चालू केली, तर खटखट गेली आणि याचं हळू बोलणंही गेलं. त्याची जादूगारीण नेमकी कुजबुजणारी. शेवटी बटण दाबून बोलायचं ठरवलं. ती खटखटही वाया घालवली नाही, गोष्टीतल्या भुयाराच्या तळाशी राक्षसाचा कापड विणायचा माग बसवला. तो माइक उघडायचा तेव्हा बाकीच्यांच्या पोटात गोळा यायचा.

आता सामसुमीवरचा इलाज. "तुम्ही सगळे काय करताय?" हे ऑनलाइन कधीच विचारू नका. चार सेकंद कोणी बोलत नाही, मग दोघं एकदम बोलतात, मग "तू बोल", "नाही नाही, तू". नाव घ्या, पात्राचं घ्या, आणि हातात काहीतरी ठेवूनच प्रश्न टाका: "चांदणी, दाराची कडी तुझ्या हातात आहे. ओढतेस, का आधी कान लावतेस?" लगेच पुढच्याला जागं करा: "चांदणीनंतर भीमा, तयारीत राहा." लढाईत तर हे हवंच, नाहीतर पाळी येईपर्यंत भीमा जेवण गरम करायला जातो. पात्राला एकट्यालाच काही दिसलं तर टेबलावर मी चिठ्ठी सरकवतो, ऑनलाइनला खासगी मेसेज टाकतो. चिठ्ठीत मजा जास्त, कारण बाकीचे माना लांब करून बघतात.

अर्धे टेबलावर आणि एक जण फोनवर, हे शक्यतो टाळा. जानेवारीत, इथल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आम्ही केलं होतं. पुण्याचा दोस्त फोनवर, फोन तांब्याला टेकवलेला. टेबलावरच्या हशातलं त्याला अर्धंही कळेना, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत गोष्ट पुढच्या खोलीत. एक जण लांब असेल तर सगळ्यांनीच आपापल्या घरून ऑनलाइन बसा. अगदीच इलाज नसेल तर फोनला स्वतंत्र खुर्ची द्या, शेजारच्याला त्याचा हात करा: सोंगटी तोच हलवणार, फासा तोच टाकणार आणि आकडा मोठ्यानं वाचणार. त्याच्या वाट्याचे शेंगदाणे मात्र फोनसमोरच ठेवायचे. आमच्या 'हातानं' ते खाल्ले, आणि पुण्याहून अजून हिशेब मागणं चालू आहे.