निवेदन दिलं, फोटो आला, काम तिथंच? निवेदन देताना या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीत मी अठरा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काम केलं. लोकांचं निवेदन साहेबांच्या हातात पडायचं, फोटो निघायचा, माणसं गाडीत बसून गावी जायची आणि दुपारी तो कागद माझ्या टेबलावर यायचा. मी शिक्का मारून नोंद करायचे. तेवढ्या अर्ध्या मिनिटात मला बहुतेक वेळा कळायचं, की याचं पुढं काही होणार नाही. मागणी खरी असायची: पाणी, रस्ता, शाळेचं गळकं छप्पर. पण कागदच असा लिहिलेला असायचा, की त्याचं उत्तर द्यायला कुणीच बांधलेलं नसायचं. जीव तुटायचा, कारण त्या कागदासाठी कुणीतरी दिवसाची हजेरी बुडवून आलेलं असायचं.

आता निवृत्तीनंतर गावातली माणसं निवेदन लिहून घ्यायला माझ्याकडं येतात. त्याच चुका पुन्हा दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

काम कुणाचं आहे ते न बघता निवेदन देणं

मिरजेच्या पूर्व भागातल्या एका वस्तीवरचे लोक दोन वर्षं रस्त्यासाठी निवेदनं देत होते. "ताई, आम्ही एक दार सोडलं नाही," असं म्हणत त्यांच्यातल्या आबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून माझ्यापुढं मांडले. आमदार, पालकमंत्री, तहसीलदार, सार्वजनिक बांधकाम विभाग. बांधकाम विभागाचं एका ओळीचं उत्तरही होतं: 'सदर रस्ता या विभागाच्या अखत्यारीत येत नाही.' तो रस्ता ग्रामीण मार्ग होता, म्हणजे जिल्हा परिषदेचा. आणि नेमकं जिल्हा परिषदेलाच निवेदन गेलं नव्हतं.

राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं. गावठाणातली गल्ली ग्रामपंचायतीची. कराड-साताऱ्यातून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. लिहायला बसण्याआधी ग्रामसेवकाकडून रस्त्याचा प्रकार आणि क्रमांक विचारून घ्या आणि तो क्रमांक 'विषय' या ओळीतच घाला. रस्त्याचा क्रमांक आणि गावांची नावं दिसली, की कागद टोलवणं अवघड जातं. आमदार, तहसीलदार यांना जरूर द्या, पण 'प्रत माहितीस्तव' म्हणून.

मोठ्या प्रश्नांत ही चूक आणखी महागात पडते. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं बघा. त्याची पाणीसाठ्याची उंची ५१९ मीटरवरून ५२४ मीटरवर नेऊ नये, अशी निवेदनं कृष्णाकाठावरून वर्षानुवर्षं जातात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी घरात घेतले, त्यांची पाणी मागं फुगण्याची भीती कुणी खोटी म्हणू नये. पण उंची वाढवायला परवानगी दिली ती कृष्णा पाणी तंटा लवादानं २०१० मध्ये, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. तहसीलदारांच्या टेबलावर त्यातलं काहीच नाही. म्हणून निवेदनाचे दोन भाग करा. उंचीचा मुद्दा राज्याच्या जलसंपदा विभागाला, केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाला आणि आपल्या खासदारांना द्या. तहसीलदारांकडं मागा ते त्यांच्या हातातलं: आपल्या गावाला बोट किती, स्थलांतराची जागा कोणती, जनावरं कुठं न्यायची, मागच्या पुराच्या पंचनाम्यात राहिलेली घरं कधी घेणार. या प्रत्येकाचं उत्तर त्यांना देता येतं, आणि द्यावंही लागतं.

'योग्य ती कार्यवाही व्हावी'

निम्म्या निवेदनांचा शेवट या वाक्यानं होतो, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.' तुम्ही काही नेमकं मागितलं नाही, त्यांनी काही नेमकं कबूल केलं नाही. त्याऐवजी लिहा: 'शाखा अभियंत्यांनी पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व त्याची प्रत आम्हाला द्यावी.' मग पाहणी झाली की नाही, हे विचारता येतं.

एका कागदात अकरा मागण्याही घालू नका. रस्ता, दिवाबत्ती, रेशन आणि एसटीचा थांबा एकाच निवेदनात असला, तर तो कागद चार कचेऱ्यांत फिरतो आणि प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडं बोट दाखवतो. विषय वेगळा, कागद वेगळा.

सह्या जमवल्या, पण तपासल्या नाहीत

हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल, तर महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांच्या सह्यांचं निवेदन द्यावं लागतं. राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्या पडताळतो आणि मग उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद) असं गुप्त मतदान होतं.

एका दुष्काळी तालुक्यातल्या गावात बायकांनी आठ दिवस घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या. पडताळणी शाळेच्या वर्गात होती. लहान बाकांवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, समोर मतदार यादी उघडलेली. अधिकारी नाव पुकारायचे आणि ताळा बसेना. यादीत 'शालन', सही 'सुमन', कारण सासरचं नाव वेगळं आणि यादीत चढलेलं वेगळं. एका पानावर ओळीनं नऊ सह्या एकाच हातच्या; सुनेनं सासूची, जावेची, शेजारणीची केलेली. सून कळवळून सांगत होती, "साहेब, त्यांनीच सांगितलं म्हणून केली." ते खरंही होतं. तरी त्या सह्या बाद झाल्या आणि आकडा २५ टक्क्यांच्या खाली आला. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तोवर दुकानदार जागा झाला होता आणि घरोघर फिरायला लागला होता.

दुसऱ्या खेपेला त्यांनी आधी मतदार यादी हातात घेतली. सहीच्या रकान्याशेजारी यादीतला अनुक्रमांक, यादीत जसं आहे तसंच नाव, आणि मग सही. लिहिता न येणाऱ्या आजीचा अंगठा आणि तो कुणासमोर घेतला त्याचं नाव. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी पुन्हा लिहिलेली, म्हणजे 'आम्हाला दुसऱ्याच कागदावर सही करायला लावलं' असं कुणी म्हणू नये. आणि २५ टक्क्यांवर न थांबता भरपूर जास्त सह्या, कारण काही गळतातच. मतदानाच्या दिवशी तर नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. मुंबई-पुण्याला कामाला गेलेली बाई मतदानाला आली नाही, तरी तिचं नाव हिशेबात राहतं. म्हणून तिलाही सहीच्या वेळीच तारखेचं सांगून ठेवावं लागतं.

रस्त्याच्या किंवा पाण्याच्या निवेदनाला सह्यांची अशी सक्ती नसते. तरी हीच शिस्त ठेवा. यादी क्रमांकासह चाळीस सह्या असल्या, तर नुसत्या चारशे सह्यांपेक्षा त्यांच्याकडं जास्त लक्ष जातं. मोबाइलवर फिरणाऱ्या ऑनलाइन याचिकेचंही तसंच. तिच्यावर अमुक इतके लोक जमले म्हणून सरकारनं उत्तर द्यायलाच हवं, असा नियम आपल्याकडं नाही. प्रश्नाचा बोलबाला करायला ती उपयोगी पडते. पण नोंद व्हायला हवी असेल तर राज्यासाठी 'आपले सरकार' आणि केंद्रासाठी 'सीपीग्राम्स' या पोर्टलवर तक्रार टाका आणि तिचा नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

आत्मदहनाचा इशारा

हात जोडून सांगते, ही ओळ लिहू नका. 'अन्यथा १५ ऑगस्ट रोजी कार्यालयासमोर आत्मदहन करू.' ती ओळ दिसली, की कागदाची वाट बदलते. आधी त्याची प्रत पोलीस ठाण्याला जाते. तिथून तुमच्या नावानं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस निघते (पूर्वी हीच १४९ ची नोटीस म्हणून ओळखायचे). पुढं सगळा पत्रव्यवहार 'अर्जदारास परावृत्त करणेबाबत' होतो. रस्ता, पाणी, नुकसानभरपाई हा विषय फाइलमधून मागं पडतो. आदल्या दिवशी लेखी आश्वासन मिळतं, त्यावर तारीख नसते, आणि प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर.

त्याहून मोठं कारण असं, की असं लिहिणारी माणसं बरेचदा खरोखर खचलेली असतात. एकदा एक शेतकरी भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी असा कागद घेऊन आला होता. लिहिताना त्याचा हात थरथरत होता. त्याला बसवून पाणी दिलं आणि ती ओळ खोडायला लावली. मग 'मोबदल्याच्या हिशेबाची प्रत द्यावी' एवढंच लिहिलं. हिशेब मिळाल्यावर त्यात एक गट नंबर राहून गेल्याचं दिसलं. तुमच्या घरात, भावकीत कुणी असं बोलत असेल, तर त्याच्याजवळ बसा. त्याला एकट्याला कचेरीत पाठवू नका.

इशारा द्यायचाच तर सनदशीर द्या: धरणे, उपोषण, मोर्चा. तारीख लिहा आणि पोलीस ठाण्याला आधी कळवा.

लोकशाही दिनात गावाचं निवेदन

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथं वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार घेतात, ती विहित नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी द्यावी लागते. न्यायप्रविष्ट आणि नोकरीविषयक बाबी घेत नाहीत. पन्नास जण टेम्पो करून जातात आणि सामूहिक निवेदन म्हणून परत येतात. तिथं जायचं असेल तर ज्याच्या शेतात पाणी घुसतं त्या एकानं आपल्या नावानं जावं.

गावाच्या मागणीला ग्रामसभेचा ठराव लावा. गणपूर्ती लागते ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. ठराव क्रमांक, तारीख आणि सूचक-अनुमोदकाची नावं घेऊनच उठा; 'इतिवृत्त नंतर देतो' यावर थांबू नका. ठरावाला किती आयुष्य असतं ते जत तालुक्यातल्या कर्नाटक सीमेवरच्या गावांकडं बघावं. पाणी मिळेना म्हणून त्यांनी २०१२ साली कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांचाच दाखला दिला आणि विस्तारित म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचा विषय पुन्हा मुंबईत तातडीचा झाला.

दिल्लीला पाठवताना

लोकसभेला थेट याचिका करता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे. तिचे नियम मात्र कडक आहेत. याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. मराठीत लिहिली तर सहीनिशी भाषांतर जोडावं लागतं. भाषा सभ्य हवी. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही किंवा अंगठा हवा. सह्या एकाहून जास्त पानांवर असतील, तर प्रत्येक पानावर मागणी पुन्हा लिहावी लागते. आणि पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं काहीही जोडायचं नाही. आपल्याकडं कागदांचा गठ्ठा जोडायची सवय, इथं तोच आड येतो. सदस्यानं सभागृहात मांडायची तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते, म्हणून मसुदा घेऊन आधी आपल्या खासदारांना भेटा. राज्याच्या विधिमंडळातही विनंती अर्ज समिती आहे.

पोच न घेणं, आणि एकदा देऊन थांबणं

दोन प्रती घेऊन जा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही घ्या. साहेबांनी हातात घेतलं, फोटो काढला, तरी टपाल शाखेत जाऊन क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे. उद्या कोर्टात जायची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच येतो, की आधी संबंधित अधिकाऱ्याकडं मागणी केली होती का. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आलं, सांगली-साताऱ्याच्या माणसाची मुंबईची वारी वाचली. तेही सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि लोकांनी कित्येक वर्षं मागणी लावून धरली तेव्हा मिळालं.

पोच हातात असेल तर २००५ चा विलंब प्रतिबंधक कायदा कामाला येतो. त्याच्या कलम १० प्रमाणं कुठल्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत, असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. पहिल्या स्मरणपत्रात या कलमाचा आणि जुन्या आवक क्रमांकाचा उल्लेख करा.

तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. इथं बहुतेक जण विचारतात, 'काम का केलं नाही?' याचं उत्तर मिळत नाही, कारण दप्तरात असलेली माहितीच मिळते. लिहा: 'आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुकच्या निवेदनावर आजवर झालेल्या टिपणीच्या व पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात.' ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

हे सगळं लांबतं, माणूस कंटाळतो. साताऱ्याच्या रंगो बापूजी गुप्त्यांची मला अशा वेळी आठवण येते. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर ते त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात अर्ज करत राहिले. न्याय मिळाला नाही. ते रिकाम्या हातानं परतले आणि १८५७ च्या उठावाच्या तयारीला लागले. परक्या राज्यात, परक्या भाषेत एका माणसानं एवढं केलं. आपली कचेरी तर एसटीनं तासाभरावर आहे.

त्या वस्तीवरच्या रस्त्याचं शेवटी जिल्हा परिषदेला रस्ता क्रमांकासह निवेदन दिलं. तीन महिन्यांनी माहिती अधिकारात टिपणी मिळाली. अंदाजपत्रक झालं होतं, पण ओढ्यावरच्या मोरीची मापं घ्यायची राहिली म्हणून फाइल थांबली होती. आबा स्वतः जाऊन शाखा अभियंत्यांना मोरीवर घेऊन आले, टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. खडीकरण गेल्या उन्हाळ्यात झालं. मोरी अजून बाकी आहे. तिचं दुसरं स्मरणपत्र परवा लिहून दिलंय, सोमवारी ते पोच घ्यायला जाणार आहेत.