ग्लेझची पूड उघडण्याआधी

ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यांवर भट्टीत वितळून काचेसारखा थर देणारं मिश्रण. त्याची पूड उघडण्याआधी पंखा बंद करा. पूड हवेत उडवण्याचं निम्मं काम तोच करतो. चहाचे कप, खाण्याचे डबे खोलीबाहेर. मास्क किमान एन-95 चा हवा, कारण रुमाल किंवा सर्जिकल मास्क सिलिकाची बारीक धूळ अडवत नाही. दाढीवर त्याची कड नीट बसत नाही, हेही ध्यानात असू द्या. फुप्फुसात खोल जाणारे कण डोळ्यांना दिसतच नाहीत आणि तासन्‌तास हवेत तरंगतात. त्यामुळे ‘आता धूळ बसली’ म्हणून मास्क काढू नका. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बरा होत नाही.

बेंटोनाइटची (ग्लेझ तळाशी बसू न देणाऱ्या बारीक चिकणमातीची) तयारी आदल्या रात्रीची. 1 किलो ग्लेझसाठी 20 ग्रॅम बेंटोनाइट 300 मिली कोमट पाण्यावर भुरभुरून ठेवा. ऐनवेळी टाकलं तर गुठळ्या होतात. उच्च तापमानाच्या साध्या पारदर्शक ग्लेझला फेल्डस्पार 400, सिलिका 300, व्हाइटिंग (कॅल्शियम कार्बोनेटची पूड) 200 आणि चायना क्ले 100 ग्रॅम लागेल. सगळ्या पांढऱ्या पुडी सारख्याच दिसतात, म्हणून चिठ्ठी डब्याच्या अंगावर चिकटवा. झाकणं अदलाबदल होतात. वजन झालं की कागदावर लगेच खूण करा, नाहीतर मध्येच कुणी हाक मारली की सिलिका दोनदा पडते.

काटा 0.1 ग्रॅमचा हवा. 100 ग्रॅमच्या चाचणीत कोबाल्ट कार्बोनेट 1 ग्रॅम असेल, तर 1 ग्रॅमची चूक म्हणजे रंगद्रव्य दुप्पट. बेरियम कार्बोनेट पोटात गेल्यास विषारी आहे. ते आणि मँगनीज डायऑक्साइड हातमोजे घालूनच हाताळा. मँगनीजचा त्रास भट्टीच्या धुरातूनही होतो.

बादलीत आधी 600 मिली पाणी, मग पूड. उलटं केलं तर धूळ उडते आणि तळाशी कोरडे गोळे राहतात. ओतताना डबा पाण्याच्या जवळ धरा, पूड आपोआप बुडू द्या, अर्ध्या तासाने भिजवलेलं बेंटोनाइट घालून ढवळा. 80 मेशच्या (इंचाला 80 छिद्रांच्या) चाळणीतून दोनदा गाळा. गाळलेल्या 100 मिलीचं वजन 140 ते 150 ग्रॅम भरलं, तर भांडं बुडवून ग्लेझ लावायला बहुधा ठीक. जास्त भरलं तर थोडं थोडं पाणी वाढवा.

ओला स्पंज आणि दुसरी बादली आधीच हाताशी असू द्या. झाडू नको, साधा व्हॅक्यूमही नको, तो बारीक धूळ मागून परत सोडतो. रिकामी पिशवी झटकू नका, ओली करून गुंडाळा. एप्रन वेगळा धुवा. धुण्याचं पाणी मोरीत न ओतता गाळ बसेपर्यंत बादलीत राहू द्या.