नायिका डोक्यात गेली, तर पुस्तक कधी मिटावं?

आमच्या वाचनालयात हलक्याफुलक्या प्रेमकथा अर्धवट वाचून परत येतात, त्या बहुधा एकाच तक्रारीसह: "ताई, ती नायिका डोक्यात गेली हो!" पुस्तक जमा करून घेण्याआधी मी विचारते, तिच्या वागण्यानं कुणाला लागलं का? आणि लागलं असेल, तर लेखिकेचं तिकडे लक्ष आहे का?

नायिका आगाऊ, उधळी, खोटारडी असली तरी चालेल. पण तिच्या पायी जो दुखावतो, त्याचा चेहरा पुस्तकात दिसला पाहिजे. तेवढं शोधा.

जेन ऑस्टेनची 'एमा' घ्या. डिसेंबर १८१५ मध्ये आलेली ही कादंबरी. ही नायिका माझ्याखेरीज फारशी कुणाला आवडणार नाही, असं ऑस्टेन आधीच म्हणाली होती. एमा देखणी, हुशार, श्रीमंत. भोळ्या हॅरिएटला ती रॉबर्ट मार्टिनसारख्या भल्या शेतकऱ्याला नकार द्यायला लावते. संताप येतो. येऊ द्या, पण ४३ व्या प्रकरणापर्यंत तग धरा. बॉक्स हिलच्या सहलीत खेळ ठरतो: प्रत्येकानं एक चतुर, दोन बऱ्यापैकी किंवा तीन कंटाळवाण्या गोष्टी सांगायच्या. गरीब, बडबड्या मिस बेट्स म्हणतात, तीन कंटाळवाण्या मला सहज जमतील. एमा म्हणते, अडचण एवढीच, की एका वेळी तीनच सांगायच्या आहेत. मिस बेट्सना टोमणा लगेच कळतही नाही. कळतो तेव्हा त्या चिडत नाहीत, किंचित लाल होतात आणि म्हणतात, मीच नकोशी होत असेन, नाहीतर जुन्या मैत्रिणीला ती असं बोलली नसती. माझ्या मते सगळी कादंबरी या लाल होण्यावर उभी आहे. मग एमाचा जुना स्नेही नाइटली तिला खडसावतो, ती गाडीत रडते आणि दुसऱ्या सकाळी मिस बेट्सच्या घरी जाते.

नायिका स्वतःच गोष्ट सांगत असेल, तर तिच्या शब्दाबाहेरचा पुरावा बघा. सोफी किन्सेलाच्या 'शॉपहोलिक' कादंबरीतली बेकी ब्लूमवुड बचतीवर लेख लिहिते आणि स्वतः कर्जात बुडालेली असते. ती सबबी सांगते, पण मधेमधे बँकेची पत्रं येतात आणि खरं काय ते कळतं. तिच्या बेफिकीर सल्ल्यानं शेजाऱ्यांचं नुकसान होतं, तिथपर्यंत तरी वाचाच.

आणखी एक करा. खटकलेलं वाक्य नायकाच्या तोंडी घालून बघा. तुसड्या नायकाला आपण किती सहज माफ करतो! त्याच्या तोंडी ते खपत असेल, तर तिलाही थोडी मुदत द्या.

मात्र ती मोलकरणीला किंवा धाकट्या बहिणीला तोडून बोलली, लेखिकेनं ते हसण्यावारी नेलं आणि पुढच्याच प्रकरणात नायक तिच्या बाणेदारपणावर भाळला, तर खुशाल पुस्तक मिटा. परत करताना ते पान मला जरूर सांगा; पुढच्या वेळी तुमच्यासाठी काय काढून ठेवायचं, हे त्यावरूनच मी ठरवते.