मताचा हक्क नसला तरी म्हणणं मांडा

परवा मंडळाच्या कार्यक्रमात तीन नवी जोडपी भेटली. शाळा कोणती चांगली, भाडं कुठं परवडतं, सगळं विचारून झालं. मी विचारलं, इथला आपला काँग्रेसमन, म्हणजे अमेरिकी संसदेतला खासदार कोण, ठाऊक आहे का? एकजण म्हणाला, "काका, आम्ही एच-वन-बीवर. आम्हाला काय त्याचं?" एच-वन-बी म्हणजे नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा, त्यावर मत देता येत नाही.

अमेरिकेत, इथं न्यू जर्सीत आल्यावर दहा वर्षं मीही हेच म्हणत होतो. त्या दहा वर्षांत माझी इंजिनिअर बायको एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, घरी बसून होती. तिच्यासारख्यांना नोकरीची परवानगी मिळाली ती मे 2015 मध्ये, तीही जोडीदाराचा ग्रीनकार्डाचा, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज ठराविक टप्प्याला पोचला असेल तरच. त्यासाठी एच-फोरवरच्या बायकांनी सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, सरकारी दारं ठोठावली. मी त्यात कुठंही नव्हतो, याची खंत अजून वाटते.

आधी सांभाळायच्या गोष्टी. गाडी चालवायचं लायसन्स काढायला जाल तेव्हा मतदार नोंदणीचाही प्रश्न येतो. घाईत "हो" करू नका. नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं फार महागात पडतं, पुढं ग्रीनकार्डाची वाट कायमची बंद होऊ शकते. एच-वन-बीवर असताना कुठल्याही उमेदवाराला एक डॉलरही देणगी देता येत नाही, अगदी गावच्या निवडणुकीतही नाही. ग्रीनकार्ड आलं की देता येते. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम मात्र आजही करता येतं. मोर्चालाही जाता येतं, पण अटक झाली तर व्हिसावर बेतू शकतं. पोलिसांनी पांगा म्हटलं की निघायचं, आणि वकिलाचा नंबर आधीच जवळ ठेवायचा.

आता करायचं काय? जनगणनेत इथं राहणारा प्रत्येक माणूस मोजतात, नागरिक असो वा नसो, आणि काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या प्रतिनिधीगृहाच्या जागा त्याच आकड्यावर वाटल्या जातात. म्हणजे त्या खासदाराच्या मतदारसंघात तुम्हीही आलात. अर्ज कुठं अडकला असेल तर त्याच्या स्थानिक कार्यालयात जा, संमतीपत्रावर सही करा, ते चौकशी करतात. हे काही उपकार नाहीत, त्यांचं ते रोजचं काम आहे.

ग्रीनकार्डाच्या कायद्यात बदल मागायला अशा कार्यालयात मी काही जणांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा समोर पंचविशीतली एक मुलगी पिवळं पॅड घेऊन बसली होती. मी कायद्याच्या इतिहासापासून सुरुवात केली. चार मिनिटांत तिनं पेन खाली ठेवलं. मग आमच्यातल्या एक पंजाबी ताई म्हणाल्या, "माझा मुलगा मार्चमध्ये 21 चा होईल. त्यानंतर तो माझ्या अर्जात राहणार नाही. तिसरीपासून तो इथं शिकलाय." मुलीनं पेन उचललं. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो: आपला झिपकोड, विधेयकाचा क्रमांक, घरातली एक खरी गोष्ट, आणि एकच मागणी.

ग्रीनकार्डाची आपली रांग का लांबली तेही समजून घ्या. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डं वर्षाला साधारण 1,40,000, बायकोमुलं त्यातच मोजायची, आणि एका देशाला सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांहून जास्त नाहीत. ही मर्यादा उठवणारं विधेयक जुलै 2019 मध्ये प्रतिनिधीगृहात 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झालं. डिसेंबर 2020 मध्ये सिनेटनं, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहानं, स्वतःचा मसुदा मंजूर केला. दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही, मुदत संपली, सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मते आपलीही एक चूक झाली. एकूण आकडा न वाढवता फक्त वाटणी बदला म्हटल्यावर इराणी आणि इतर देशांच्या लोकांना आपली वाट लांबेल असं वाटणारच. त्यांच्याशी आधी बोलायला हवं होतं.

म्हणूनच फक्त आपल्या रांगेपुरते उभे राहू नका. न्यू जर्सीत कागदपत्रं नसलेल्यांनाही लायसन्स देण्याच्या कायद्यावर डिसेंबर 2019 मध्ये सही झाली. त्यासाठी लॅटिनो कामगार वर्षानुवर्षं झटले. मी गेलो त्या सभांना आपली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. खरं तर कागद नसलेल्यांत भारतीयही पुष्कळ आहेत.

नागरिक झालेल्यांनी प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, सोडू नये. इथं पक्षाच्या पसंतीचे उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत छापायची पद्धत होती, कौंटी लाइन म्हणायचे तिला. बाकीचे कुठल्या कुठं कोपऱ्यात जायचे. साध्या कार्यकर्त्यांनी हा विषय लावून धरला, आणि मार्च 2024 मध्ये फेडरल न्यायालयानं डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली.

1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांचं नागरिकत्व नाकारलं. 1946 मध्ये भारतीयांना तो हक्क मिळाला, त्यामागं इथल्या भारतीयांचे पुढारी जे. जे. सिंग यांच्यासारख्यांची वॉशिंग्टनमधली पायपीट होती. मत तर त्यांनाही नव्हतं.

सुरुवात गावच्या कौन्सिलपासून करा. सभेत लोकांसाठी वेळ राखलेला असतो, नाव-पत्ता सांगायचा आणि मोजक्या मिनिटांत बोलायचं. पहिल्यांदा नुसतं मागं बसून ऐकलंत तरी चालेल. पुढच्या सभेला मी जाणार आहे, माझ्या गाडीत चार जागा आहेत.