तिसरी स्वप्नवही टिकली

आधीच्या दोन वह्या चार-चार पानांवर अडकल्या. कारण एकच: उठल्याउठल्या हात मोबाईलकडे. गजर बंद करायचा, दोन मेसेज वाचायचे, की स्वप्न गायब.

आता मोबाईल रात्री स्वयंपाकघरात, गजराला जुनं घड्याळ. उशाशी दोनशेपानी वही आणि शिसपेन्सिल. पाठीवर पडून लिहिताना बॉलपेन उमटत नाही, हे तिसऱ्या रात्री कळलं. जाग आली की कूस बदलायची नाही. डोळे मिटूनच शेवटचं चित्र धरायचं आणि तिथून मागे मागे जायचं. रविवारी जास्त सापडतं. रेम झोपेचे, म्हणजे ठळक स्वप्नं जास्त पडतात त्या झोपेचे, टप्पे साधारण ९० मिनिटांनी येतात आणि पहाटेकडे लांबत जातात. एरवी नेमका तोच भाग गजर खातो.

दुसरी चूक म्हणजे निबंध लिहिणं. आता नुसते शब्द: ‘आजीचं घर, जिन्यात पाणी, हातात एकच चप्पल, लाज.’ वर नाटकासारखं शीर्षक मात्र हवंच, खरी मजा त्यात. अर्थ लावायला मी बसत नाही, त्याला आई आहे. साप म्हटलं की तिचं सुरू.

काल ‘परीक्षा’ सातव्यांदा आली. पेपर भूगोलाचा, आणि मी पायजम्यात.